मंगळाच्या रोव्हरवरचे जंतू मोजताना

नासाच्या पर्सिव्हरन्स या मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरची जुळणी अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चालू होती, तेव्हा मी जंतू मोजणाऱ्या गटात होते. चाकं, कॅमेरे, लेझर यांबद्दल सगळेच विचारतात. आमच्या कामाबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या उघड्या पृष्ठभागांवर सगळे मिळून ३ लाखांहून जास्त बीजाणू, म्हणजे काही जीवाणूंची कठीण कवचातली सुप्त रूपं, नकोत, असा दंडक आहे. आकडा मोठा वाटतो खरा, पण बागेतल्या चमचाभर मातीत त्याहून कितीतरी जास्त जीवाणू असतात. त्यात बीजाणू भलते चिवट. अल्कोहोलने पुसलं तरी ते सगळे मरत नाहीत.

रोव्हरची जुळणी होते त्या क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ आणि जंतू कमीत कमी ठेवलेल्या खोलीत, जायचं तर अत्तर, मेकअप काही चालत नाही. केसांवर जाळी, मास्क, हूड, अंगभर सूट, बूट, हातमोजे, सगळं ठरलेल्या क्रमाने. मग निर्जंतुक पाण्यात भिजवलेला स्वॅब ५ बाय ५ सेंटिमीटरच्या चौकोनावर हलक्या हाताने फिरवायचा: आधी आडवा, मग उभा, मग तिरका. श्वाससुद्धा जपून घेतला जातो. स्वॅब नळीत टाकून प्रयोगशाळेत नेला की ८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं तापवायचा. साधे जीवाणू त्यात मरतात, बीजाणू तग धरतात. मग ते द्रावण पोषक माध्यमात ओतून ३२ अंशांना ठेवायचं आणि ७२ तासांपर्यंत डिशमध्ये वसाहती दिसतात का ते पाहत राहायचं. एखादा मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला की पोटात गोळा यायचा. तिकडे जुळणीवाले खोळंबलेले असायचे, कारण झाकण एकदा बसलं की आतला भाग पुन्हा हाती लागत नाही. त्यांची घाई रास्त होती, पण जीवाणूंना घाई करता येत नाही.

सगळ्यात कडक नियम रोव्हरवरच्या ४३ नळ्यांना, म्हणजे मंगळावरच्या दगडांचे नमुने ठेवायच्या नळ्यांना. बोटाच्या एका ठशात सुमारे ४५ हजार नॅनोग्रॅम सेंद्रिय पदार्थ असतो. नळीतल्या नमुन्यात पृथ्वीवरचा १५० नॅनोग्रॅमसुद्धा चालणार नव्हता. मला हा अट्टहास पूर्णपणे पटतो. उद्या मंगळाच्या दगडात जीवसृष्टीची खूण सापडली, तर ती आपणच इथून नेलेली नाही हे छातीठोकपणे सांगता यायला हवं.

२०२० च्या फेब्रुवारीत रोव्हर उड्डाणासाठी विमानाने फ्लोरिडाला गेला आणि पाठोपाठ कोविड आला. ग्रहांची स्थिती कुणासाठी थांबत नाही. ती संधी हुकली असती तर पुढची थेट २६ महिन्यांनी. लोक कमी, अंतर राखायचं, तरी काम थांबलं नाही. मे महिन्यात आरोग्यकर्मचाऱ्यांच्या सन्मानार्थ एक छोटी ॲल्युमिनियमची पट्टी रोव्हरवर बसवली गेली, तेव्हा फार भरून आलं.

३० जुलैला फ्लोरिडातल्या सकाळी ७:५० ला रोव्हरला घेऊन ॲटलास-५ रॉकेट उडालं. भारतात तेव्हा संध्याकाळचे ५:२० वाजले होते. त्या ४३ पैकी ५ नळ्या साक्षीदार म्हणून ठेवल्या होत्या. त्यांत दगड भरायचा नाही, पृथ्वीवरून काय सोबत गेलं याची नोंद ठेवायची. त्यातली पहिली जून २०२१ मध्ये मंगळावर सीलबंद झाली.