साक्षीची वेळ आणि मागचे बाक

वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्या मेथॉडिस्ट मंडळीत सकाळी कराराच्या नवीकरणाची, म्हणजे देवाला दिलेलं वचन पुन्हा म्हणण्याची, उपासना असते आणि दुपारी स्त्री मंडळाचा वार्षिक मेळावा. या दोन गोष्टी एकाच दिवशी कोणी आणल्या ते जुन्या वहीत लिहिलेलं नाही, पण आता कोणी त्या वेगळ्या करू म्हटलं तर भांडणच होईल. वही चिटणीस म्हणून माझ्याकडे असते, तेव्हा आठवणी लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. दुसऱ्या कोणी लिहावं असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी बैठकीला यायला हवं होतं.

ठरलेला भाग भराभर सांगून टाकते. स्वागत होतं, शास्त्रपाठ होतो, मागचा अहवाल वाचून संमत होतो. हिशेबावर प्रश्न विचारणारे एकच गृहस्थ आहेत. ते दर वर्षी त्याच रकमेबद्दल विचारतात आणि खजिनदारबाईंच्या त्याच उत्तराने त्यांचं समाधान होतं. मग पाहुण्यांचा उपदेश होतो. तो चांगला असतो.

सकाळच्या उपासनेबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. ही उपासना आमच्या मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने सुरू केली. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या फ्रेंच चर्चमध्ये करार मान्य आहे हे दाखवायला सुमारे १,८०० माणसं उभी राहिली, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. आमच्याकडे उभे राहणारे अर्थातच कमी, आणि त्यातले काही आधीपासूनच उभे असतात, कारण उशिरा आल्यामुळे दाराशी थांबलेले असतात.

करार म्हणताना एक जागा येते. देवा, मला कामाला लाव, नाहीतर बाजूला ठेव, दोन्ही मला मान्य, अशा अर्थाची. तरुणपणी ती ओळ तोंडातून कधी निघून गेली ते कळायचंही नाही. पहिला अर्धा भाग तेवढा ऐकू यायचा, कारण कामं खूप होती. दुसरा अर्धा भाग मला ऐकू आला तो आमच्या हार्मोनियमवाल्या मास्तरांमुळे.

मास्तरांच्या पेटीच्या भात्याला बारीक भोक होतं. शेवटचा सूर लांबवायचा असला की ते डावा खांदा पुढे काढून भाता दाबून धरायचे आणि मंडळीचा श्वास पुरेपर्यंत सोडायचे नाहीत. ही युक्ती दुसऱ्या कोणाला जमत नसे. भाता दुरुस्त करण्याचा ठराव वहीत आहे. दुरुस्ती झाल्याची नोंद नाही. पुढे बोटं आखडली तेव्हा मास्तरांनी पेटी सोडली. त्या जानेवारीत वाजवायला तरुण संघातली मुलगी होती आणि मास्तर दुसऱ्या बाकावर, लोकांत. पाळकसाहेब एकेक ओळ सांगत होते, मंडळी मागून म्हणत होती. ‘बाजूला ठेव’ आलं तेव्हा मास्तरांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. रडवेला नव्हता. महत्त्वाच्या कागदावर सही करताना माणूस पेन दाबून धरतो, तसा होता. उपासना सुटल्यावर ते त्या मुलीजवळ गेले नि म्हणाले, “पोरी, काळी दोनला घेतलंस. काळी एकला घेत जा, म्हाताऱ्यांना चढत नाही.” तेव्हापासून काळी एकलाच घेतात.

गाणं आमच्याकडे उपदेशाआधी लोक जमेपर्यंत वेळ काढायला नसतं. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्ली याने ६,००० हून जास्त गीतं लिहिली असं सांगतात. ज्या घरात इतकी गीतं लिहिली गेली, त्या घरच्या मंडळीने सूर चढा लागला म्हणून कुरकुर करणं बरोबर नाही हे मला कळतं. पण मास्तरांचं म्हणणंही खरंच होतं.

आता हजेरीबद्दल, कारण हा विषय टाळला तर लेख कोणी लिहिलाय ते लोक ओळखणार नाहीत.

मार्च १८६९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या ट्रेमॉन्ट स्ट्रीट चर्चमध्ये बायकांची एक सभा बोलावली होती. त्या दिवशी पाऊस इतका लागला की आल्या फक्त ८ जणी. त्या आठ जणींनी परदेशातल्या स्त्रियांसाठी काम करणारी संस्था काढायचं ठरवलं, आणि जानेवारी १८७० मध्ये इसाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन मुंबई बंदरात उतरल्यासुद्धा. थोबर्नबाईंनी त्याच वर्षी लखनौच्या अमीनाबाद बाजारात ६ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. स्वेनबाई बरेलीला गेल्या आणि बायकांना औषधपाणी करू लागल्या. आमच्या मेळाव्यात ही गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच, आणि ज्या वर्षी खुर्च्या रिकाम्या असतात त्या वर्षी जास्त रंगवून सांगतं. एकदा आमच्या अध्यक्षबाईंना राहवलं नाही. म्हणाल्या, “त्या आठ जणी पावसातून आल्या होत्या. आपल्याकडे आज ना ऊन, ना पाऊस.”

वेस्लीच्या काळी तर सभासदाला दर ३ महिन्यांनी नवं तिकीट मिळायचं आणि तिकीट दाखवल्याशिवाय प्रीतिभोजनाला (ते काय, पुढे सांगते) आत घेत नसत. हे मी बैठकीत नुसतं सांगितलं, सुचवलं नाही. तेव्हापासून दोघी-तिघी माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

ज्या येत नाहीत त्यांच्या घरी आम्ही जातो, हेही सांगायला हवं. त्याचीसुद्धा एक जुनी कथा आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या न्यू रूम या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला असं ठरलं की बारा-बारा जणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटातल्या एकाने दर आठवड्याला घरोघर जाऊन माणशी एक पेनी गोळा करायची. पैसे मागायला गेलेल्यांना घरातली परिस्थिती दिसायला लागली. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाच्या घरात धड बोलणं होत नाही, कोण पुन्हा दारूला लागलाय. पेनी जमली ती जमलीच, पण मंडळी एकमेकांना धरून राहिली ती या गटांमुळे.

आमच्या वर्गणीचंही तेच. डिसेंबरमध्ये फिरणाऱ्या मावशी परत येतात तेव्हा त्यांच्याकडे एक यादी पैशांची असते, दुसरी तोंडी. वर्षभराची सेवा त्या तोंडी यादीतून निघते. अमक्याला दवाखान्यात रात्री सोबत हवी. तमक्या आजींचा पेन्शनचा अर्ज अडलाय. एका मुलीची फी राहिलीय आणि बाप सांगायला लाजतो. ही सगळी माणसं आपल्या मंडळीतलीच असतात असं नाही. शेजारचं घर कोणाचंही असो, दार वाजवलं की आतली गोष्ट कळतेच, आणि कळल्यावर आपलं नाही म्हणून जिना उतरता येत नाही.

मेळाव्यातला माझा आवडता भाग म्हणजे प्रीतिभोजन आणि साक्षी. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. प्रीतिभोजन म्हणजे प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, नव्हे. वेस्लीने ही रीत मोरावियन या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांकडून उचलली: साधी भाकर, दोन कानांच्या मोठ्या पेल्यातून पाणी, ते हातोहात फिरवायचं आणि मग ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. आमचा पेला एकाच कानाचा उरलाय. दुसरा कान कोणाच्या हातून तुटला हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्या अजून दर वर्षी येतात, म्हणून लिहीत नाही.

साक्षींतल्या काही आम्हाला पाठ आहेत. त्यातल्या एका साक्षीतला अपघात दर वर्षी जरा मोठा होतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सांगणाऱ्याचं वय होतंय आणि आभार खरे आहेत. पण मी वाट बघते ती वेगळ्या माणसांची. “मला बोलता येत नाही” असं म्हणून जी उभी राहतात, पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरतात आणि समोर कोणाकडे न बघता बोलतात, त्यांची.

चर्च झाडणाऱ्या आमच्या मावशी एका वर्षी अशाच मागून उठल्या. इतकी वर्षं त्यांना आम्ही उपासनेच्या आधी आणि नंतरच बघत आलो होतो. म्हणाल्या, “सासू दवाखान्यात होती. मी दिवसा कामाला, रात्री तिथं. मग मंडळाच्या बाया आल्या आणि म्हणाल्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार आमचा. तीन रात्री मी घरी झोपले. देवाची स्तुती असो.” आणि बसल्या.

सासूबाई बऱ्या झाल्या की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. आजार कोणता, तेही नाही. फक्त झोप लागली हे सांगितलं. पाहुण्यांनी त्या दिवशी चांगला पाऊण तास सेवेवरच उपदेश केला होता, आणि त्यातलं मला आज एक वाक्य आठवत नाही. वेस्लीचं मन पालटलं तेही मोठ्या उपदेशाने नव्हे म्हणतात. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनला ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत बायबलातल्या रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन लूथरची प्रस्तावना कोणीतरी वाचून दाखवत होतं, आणि पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात काही पेटलं असं त्याने लिहिलं. हे मी पाहुण्यांना कधी सांगत नाही.

मला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. दवाखान्यात त्या रात्री ज्या जागल्या, त्यातल्या दोघींनी ही साक्ष ऐकलीच नाही. उपदेश लांबला आणि त्यांची बस होती. पेला फिरायच्या आधीच त्या पिशव्या उचलून मागच्या दाराने निघून गेल्या. उशिरा येणाऱ्यांवर माझा राग आहे तो आहेच, पण लवकर जाणाऱ्यांबद्दल त्या दिवसापासून मी तोंड बंद ठेवते.

शेजारच्या मंडळीबद्दल दोन शब्द. ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चं एकत्र येऊन ते चर्च झालं. आमचं मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया वाटाघाटींत होतं, पण शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिलं, आणि १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झालं. जुनी माणसं अजून “तेव्हा जर” म्हणून सुरुवात करतात. आमच्या पिढीने तो वाद एकत्र गाऊन मिटवलाय. त्यांचं गायनमंडळ आमच्या मेळाव्याला येतं, आम्ही त्यांच्या हंगामाच्या सणाला जातो, आणि ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली की कोण कुठल्या रजिस्टरातलं ते ओळखू येत नाही. मात्र ते येतात गाडी भरून, आणि आमच्यातले जातात ते एका बाकावर मावतात. शिवाय बाक हलवायला त्यांची पोरं आमच्या पोरांच्या आधी उठतात. तरुण संघाने हे वाचावं.

आपल्याकडे पाळक बदलत राहतात. कॉन्फरन्सच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेच्या, शेवटी बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि नुकती कुठे ओळख झालेली माणसं सामान बांधायला लागतात. सगळ्याच पाळकबाईंनी मंडळाला हात दिला, पण एकींची आठवण मला जास्त येते. मेळावा चालू असताना त्या व्यासपीठावर कधी बसल्या नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि आत यायला कचरणाऱ्या बाईला हाताला धरून आणायच्या. त्यांच्या काळात मागचे बाक भरलेले असायचे. त्यांच्यानंतर दाराशी खुर्ची ठेवली, पण तिच्यावर लोकांच्या पिशव्या असतात.

आता आभार. लेखात आभारप्रदर्शन करू नये असं मला सांगण्यात आलं आहे, पण ज्यांनी सांगितलं त्यांना नंतर फोन येत नाहीत, मला येतात. नावं छापू नका असं मदत करणाऱ्यांनीच बजावलंय, म्हणून कामावरून ओळखून घ्यावं. पहाटे कुलूप काढणारे काका. घंटा वाजवणारा त्यांचा नातू. पेला आणि ताटं घासणाऱ्या तिघी. चौथी बाळंतपणासाठी माहेरी होती, पण तिने फडकी शिवून पाठवली. वेदीवरची फुलं आणणाऱ्या बहिणी. माईक सांभाळणारा मुलगा, आणि माईक बंद पडल्यावर न चिडता मोठ्याने वाचणारे शास्त्रवाचक. संडे स्कूलच्या बाई, ज्यांची मुलं गाताना हसली नाहीत. म्हणजे हसली, पण गाणं संपल्यावर. खुर्च्या उसन्या देणारं शेजारचं कुटुंब, जे चर्चला येत नाही पण तारीख आमच्याआधी लक्षात ठेवतं. वर्गणीला फिरणाऱ्या मावशी. हिशेबावर प्रश्न विचारणारे गृहस्थ, कारण त्यांच्यामुळे हिशेब नीट राहतो. पेटीवरची मुलगी. आणि हो, पाण्याची टाकी भरून ठेवणारा वॉचमनदादा. गेल्या वर्षी त्यांचा उल्लेख राहिला असं दोघांनी सांगितलं, वही काढून बघितली, राहिला नव्हता, तरी पुन्हा लिहिते.

पुढच्या मेळाव्यासाठी कार्यकारिणीने ठराव केलाय: भाकर आणि पेला आधी, साक्षी त्यानंतर, उपदेश शेवटी, आणि पाहुण्यांना वीस मिनिटं. तसं पत्र मी पाठवलं आहे. सकाळच्या उपासनेची घंटा साडेनऊला होईल. ज्यांची बस लवकर आहे त्यांनी पुढच्या बाकांवर बसावं, पेला तिथूनच सुरू होतो.