अथेन्स, जॉर्जिया: कुडझूच्या गावात ‘मर्मर’

अथेन्स हे युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाचं गाव, अटलांटापासून साधारण ११० किलोमीटरवर. आपली माणसं इथं येतात ती मुलांना हॉस्टेलवर सोडायला, नाहीतर फुटबॉलची मॅच बघायला. मला बघायचं होतं ते आर.ई.एम. या बँडचं गाव. १९८३च्या एप्रिलमध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम ‘मर्मर’ मी अजूनही महिन्यातून एकदा तरी ऐकतो, आणि तो इतकी वर्षं का टिकलाय याचं उत्तर इथल्या हवेत सापडेल अशी उगाचच आशा होती. भाची इथंच शिकते, त्यामुळे सारथी घरचाच मिळाला.

पुण्यात आमच्या पिढीला हा बँड कळला तो १९९१च्या ‘लुझिंग माय रिलिजन’मुळे, एमटीव्हीवर. ‘मर्मर’ बऱ्याच उशिरा, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर आला. गाणारा काय म्हणतोय ते कळत नव्हतं. मी आधी दोष कॅसेटला दिला होता!

पहिला मुक्काम वक्सट्री रेकॉर्ड्स. क्लेटन स्ट्रीटवरचं हे दुकान अजून चालू आहे. आत जुन्या पुठ्ठ्याचा आणि धुळीचा वास, छतापर्यंत पोस्टर्स, आणि खोक्यांत ठासून भरलेल्या तबकड्या. बँडचा गिटारिस्ट पीटर बक इथंच गल्ल्यावर बसायचा. आर्ट शिकणारा मायकल स्टाइप, म्हणजे पुढे बँडचा गायक झालेला, गिऱ्हाईक म्हणून यायचा आणि बकने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या नेमक्या त्याच तबकड्या उचलायचा. तिथून दोस्ती झाली. बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी त्यांना पुढे भेटले.

५ एप्रिल १९८० रोजी चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले, ते ओकोनी स्ट्रीटवरच्या एका पडक्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. चर्च १९९० साली पाडलं. उरलाय तो फक्त विटांचा मनोरा, आणि त्याला खेटून गाड्या लावलेल्या. भाचीने मनोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘मामा, एवढंच?’’ एवढंच.

पण तिथून थोडं चालत गेलं की ट्रेल क्रीक नावाचा ओढा लागतो, आणि तिथे खरी गंमत आहे. ‘मर्मर’च्या मागच्या कव्हरवर जो रेल्वेचा उंच लाकडी पूल दिसतो, तो याच ओढ्यावरचा. २००० साली तो पाडायचं ठरलं होतं. गावातल्या लोकांनी आणि जगभरच्या चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि तो वाचला. पुढे लाकूडच कुजलं. आता त्याच जागी पायी आणि सायकलने जाण्यासाठी नवा पूल झालाय, फायरफ्लाय ट्रेलचा. हळहळ वाटली, पण जुन्या पुलावरून कुणाला चालता येत नव्हतं, यावरून आता शाळकरी पोरं सायकली दामटतात. मला हे जास्त आवडलं.

पुढच्या कव्हरवर आहे ती कुडझूची वेल. ही जपानची. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून अमेरिकेत आली आणि १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच दक्षिणेत ती लावायला लावली. आता आवरत नाही. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, तेव्हा सगळं हिरवंगार होतं. जवळ जाऊन पान उलटून बघितलं: वालासारखं त्रिदल, खालून लवदार, आणि आत दडलेल्या जांभळ्या तुऱ्यांना चक्क द्राक्षांचा वास. वेलीखाली झाड आहे, विजेचा खांब आहे की कुणाचं पडकं खोपटं, ते कळत नाही. फक्त आकार कळतो. कव्हरवरची कुडझू मात्र वाळलेली, करडी आहे.

माझं मत विचाराल तर अल्बमही असाच ऐकू येतो. स्टाइपचे शब्द पुटपुटल्यासारखे, अर्धे गिळलेले. त्यावर बकची रिकनबॅकर गिटार एकेक तार सुटी छेडत पसरत जाते. रेकॉर्ड कंपनीने आधी स्टीफन हेग हा निर्माता दिला होता. त्याने ‘कॅटपल्ट’ हे गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं आणि वर कीबोर्ड चढवले. पोरं वैतागली आणि मिच ईस्टर व डॉन डिक्सनकडे गेली. शार्लटच्या स्टुडिओत १९८३च्या सुरुवातीला रेकॉर्डिंग झालं. त्या काळात रेडिओवर सिंथेसायझरचा सुळसुळाट होता. यांनी तो टाळला, म्हणून १९८३चा शिक्का या अल्बमवर बसला नाही. ‘वी वॉक’मध्ये ढगांचा गडगडाट वाटतो, तो बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज आहे, वेग कमी करून लावलेला. ‘परफेक्ट सर्कल’मध्ये दोन पियानो एकमेकांवर बसवलेत, हे गाणं मी परदेशात एकट्याने ऐकायचं टाळतो.

परतीच्या वाटेवर गाडीत तेच लावलं. ‘‘मामा, हा म्हणतोय तरी काय?’’ जन्मापासून इंग्रजीत वाढलेल्या मुलीने हे विचारावं, याचा मला आसुरी आनंद झाला. तरी तिने ‘पिल्ग्रिमेज’ दोनदा लावलं.

‘मर्मर’ची विक्री तेव्हा बेताचीच होती. बिलबोर्डच्या यादीत ३६ क्रमांकापर्यंत मजल गेली. पण मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या त्या वर्षी रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांनी ‘मर्मर’लाच वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. बँड २०११मध्ये थांबला. फेब्रुवारी २०२४मध्ये अभिनेता मायकल शॅनन आणि संगीतकार जेसन नार्डुसी अथेन्सच्या ४० वॉट क्लबमध्ये हाच अल्बम वाजवायला आले, तेव्हा चौघेही मूळ मेंबर त्या रात्री मंचावर येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा क्लब दुपारचा बंद होता, बाहेरूनच फोटो काढला.

जाणार असाल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला घरच्या मॅचचा शनिवार टाळा. स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं मावतात आणि ती सगळी तुमच्या आधी पार्किंग शोधत असतात. हिवाळ्यात, थंडीने पानं झडल्यावर गेलात, तर कव्हरवरची कुडझू बघायला मिळेल. मी पुढच्या वेळी जानेवारीत जाणार आहे.