घोडा नसलेला काळा घोडा

लहानपणी वडिलांबरोबर बसने जहांगीर कलादालनाकडे जाताना वाहकाने ‘काळा घोडा’ असा पुकारा केला, की मी खिडकीबाहेर पाहून घोडा शोधत असे. तो कधीच दिसला नाही; दिसत त्या ओळीने उभ्या केलेल्या मोटारी. शेवटी मी विचारलेच, तेव्हा वडिलांनी सहज सांगितले, “तो आता राणीच्या बागेत असतो.” राणीच्या बागेत प्राणी असतात हे मला पक्के ठाऊक होते, त्यामुळे पुढच्या सुट्टीत मी तिथे पिंजऱ्यामागून पिंजरा पालथा घातला. पाणघोडा सापडला, काळा घोडा नाही. मग बागेतल्याच संग्रहालयाच्या बाजूला वडिलांनी बोटाने दाखवला तो पुतळा होता, आणि त्याच्या पाठीवर एक साहेबही बसलेला होता. ही फसवणूक मी त्यांना बराच काळ माफ केली नव्हती.

तो साहेब म्हणजे इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झालेला. आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला, जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा 1879 साली चौकात उभा राहिला, आणि मुंबईकरांनी राजपुत्राला वगळून चौकाला त्याच्या वाहनाचे नाव देऊन टाकले. यात कोणी स्वाभिमानाचा हुंकार ऐकत असेल तर ऐको. मला वाटते, लोकांनी ज्याला ओळखले त्याचे नाव घेतले. युवराज कोणाच्या रोजच्या परिचयाचा नव्हता, घोडा होता. 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुणी अशी ट्राम सुरू झाली तीच मुळी घोड्यांच्या जोरावर, आणि 1907 मध्ये विजेची ट्राम येईपर्यंतच्या काळाचा बहुतेक भाग या शहराची नोकरदार माणसे घोड्यांनी ओढून नेली. जुन्या मुंबईत ज्या दगडी पाणपोया अजून उभ्या आहेत, त्यांतल्या काहींच्या पायथ्याशी जनावरांसाठी बांधलेली कुंडीही दिसते. वाटसरूमध्ये घोडा-बैलही धरले जात, असा त्याचा अर्थ.

1965 साली पुतळा हलवला, नाव मात्र तसूभरही हलले नाही. बावन्न वर्षे हे शहर नसलेल्या घोड्याच्या खुणेवर एकमेकांना पत्ते सांगत राहिले, आणि 2017 मध्ये तिथे पुन्हा घोडा आला तो बिनस्वाराचा. मला तो आवडतो. पाठ रिकामी असल्यामुळे आता तो कोणाचे तरी वाहन वाटत नाही.

चौकाचे जे झाले तेच आमच्या बोलण्याचेही झाले आहे. कार्यालयात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ जन्मात कधी लगामाला हात लावलेले नाहीत, पण त्यांचा दिवस घोड्यांवाचून सरत नाही. वरिष्ठ नुसते कागदी घोडे नाचवतात, मंजुरीपाशी घोडे पेंड खाते, अहवालात खोगीरभरती असते आणि पान खाऊन तोंडात तोबरा भरलेला शिपाई काय बोलतो ते कळत नाही. तोबरा म्हणजे घोड्याला चंदी चारण्यासाठी त्याच्या तोंडाला बांधायची पिशवी, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या तोंडातला तोबरा तसाच ठेवला. हेच गृहस्थ रोज घोडबंदर रस्त्याने घरी जातात. त्या रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत खरा घोडा केव्हाच पुढे निघून गेला असता, हा विनोद आता त्यांनाही हसवत नाही.

खऱ्या घोड्यांपैकी रस्त्यावर सर्वात उशिरापर्यंत टिकले ते व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाडीचे. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेच्या फेऱ्यांसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. तो निर्णय योग्यच होता, असे मी मानतो. तापलेल्या डांबरावर, कर्ण्यांच्या गोंगाटात, पुरेसे पाणी आणि सावली न मिळता उभे राहणाऱ्या जनावराच्या जिवावर आपण मरीन ड्राइव्हवर रुबाब करावा, यात शोभा नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच काम केलेल्या गाडीवानांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. 2021 मध्ये तशाच घाटाच्या, नक्षीच्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. इकडे स्वार नसलेला घोडा, तिकडे घोडा नसलेली व्हिक्टोरिया.

महालक्ष्मीचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान 1883 पासून आहे, पण तिथल्या घोड्यांशी बहुसंख्य मुंबईकरांचा संबंध दुरूनच येतो, आणि 2024 मध्ये त्यातली सुमारे 120 एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे आली, त्यामुळे पुढे तिथे घोड्यांपेक्षा चालणारी माणसेच अधिक दिसतील.

आमच्या गल्लीत घोडा येतो तो लग्नसराईत. गेल्या वर्षी समोरच्या इमारतीतल्या मुलाची वरात निघाली, तेव्हा पांढरी घोडी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी तासभर उभी होती. डोळ्यांना झापडे, कपाळावर झुंबर आणि शेजारी कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक. मोतद्दार तिच्या मानेवर सारखा हात फिरवत होता. मीही धीर करून हात लावला. मान इतकी गरम असेल असे मला वाटले नव्हते. चाळीस वर्षे मी दगडाधातूचेच घोडे पाहत आलो होतो. मुले भ्रमणध्वनी पुढे करून तिच्याभोवती गोळा झाली, नवरदेव मोठ्या कष्टाने वर चढला आणि वरात वळणावरून दिसेनाशी झाली.

मागे रस्त्यावर लीद तेवढी राहिली. एक दुचाकीस्वार नाक मुरडून तिला वळसा घालून गेला, दोन मुलींनी ती नेमकी कसली आहे यावर वाद घातला. थोड्या वेळाने तळमजल्यावरचे आजोबा बादली आणि खुरपे घेऊन बाहेर आले, इकडेतिकडे पाहत त्यांनी ती सगळी काळजीपूर्वक भरून घेतली आणि मला म्हणाले, “गुलाबाला याच्यासारखे खत नाही. आता मिळते कुठे?”