अर्धी कॅन

खरं सांगायचं तर मित्राने परस्पर नाव टाकलं म्हणून गेलो. 22 मार्चचा जलदिन, त्याच्या आसपासचा रविवार, सकाळी 6 ला नागपूरच्या फुटाळा तलावावर हजर. 6 किलोमीटर चालायचं आणि ओळखीच्यांनी किलोमीटरमागे जमेल तेवढे पैसे द्यायचे, ते मेळघाटातल्या एका गावाच्या पाण्यासाठी जाणार. मामा फोनवर म्हणाले, चालायचे कसले पैसे बे, मी रोज अंबाझरीला चालतो, मला कोणी देते का? पण दिले बिचाऱ्यांनी, किलोमीटरमागे 50.

6 च का, तर आफ्रिका-आशियातल्या बायका पाण्यासाठी सरासरी इतकं चालतात असं नेहमी सांगतात. आणि हौस असेल त्याने 20 लिटरची कॅन घ्यावी. मला हौस होती ना. एक लिटर म्हणजे एक किलो हे शाळेत पाठ केलेलं, खांद्याला मात्र कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून शहाणपणा करून अर्धीच भरली.

सेमिनरी हिल्सच्या चढावर कॅन नाचायला लागली. पाऊल टाकलं की पाणी मागे, थांबलो की धाडकन पुढे, आत बोका कोंडल्यासारखं, हात बदलला, खांद्यावर घेतली, कडेवर घेतली, टी-शर्ट ओलाचिंब, आणि रोजचे मॉर्निंग वॉकवाले आजोबा असे बघून गेले जसा काही माझ्या घरचा नळ कापलाय. तिसऱ्या किलोमीटरला कॅन मागच्या गाडीत गेली. नंतरचे तर्री पोहे मात्र मन लावून खाल्ले.

संध्याकाळी कामाच्या मावशींना सांगितलं, त्यांचं माहेर मेळघाटातलं. हसता हसता भांडं खाली ठेवलं त्यांनी. "अर्धी काहून भरली दादा? अर्धं पानी लय नाचते. गुंड गच्च भराचा, वरतून पळसाचं पान टाकाचं, मंग हालत नाही." गुंड म्हणजे पाण्याचा हंडा. डोक्यावर चुंबळ ठेवल्यासारखं करून गुंडाशिवायच किचन ते गॅलरी चालून दाखवलं, मान तसूभर हलली नाही. किती लांब होतं विचारलं तर म्हणाल्या, "किलोमीटर कोन मोजलं, जाऊन येईपरेंत लेकराची झोप होऊन जाये."

मी तेव्हा कूलरच्या टाकीत पाइप सोडून बसलो होतो. सरकारी योजनेत खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटर धरलेत, माझ्या कूलरची टाकी 60 ची, आणि मे महिन्यात ती दोनदा भरावी लागते. हा हिशोब मोबाइलवर करतच होतो तर मावशी गॅलरीतून ओरडल्या,

"दादा, पाइप खाली पडला ना!"