निसर्गाची किंमत करता, खटकत नाही का?

पर्यावरणाचं अर्थशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की विचारणाऱ्याचा सूरही आता ओळखीचा झालाय. त्यात राग कमी असतो, दुखावलेपण जास्त. जंगल, नदी, पक्षी यांच्यापुढे रक्कम मांडायची म्हणजे नात्याचा भाव काढण्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं असतं. तुम्ही परत विचारलंत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहिते.

खटकतं. पण त्याहून जास्त खटकतो तो प्रकल्पाच्या हिशेबातला रिकामा रकाना. रस्ता असो की खाण, प्रस्तावात सिमेंटच्या गोणीपर्यंत सगळ्याला आकडा असतो. बुजवल्या जाणाऱ्या पाणथळ जागेपुढे मात्र काहीच लिहिलेलं नसतं, आणि बेरजेत रिकाम्या रकान्याचं शून्यच होतं. भाषणात जे अनमोल असतं, ते कागदावर असं कवडीमोल होऊन जातं. माझं भांडण या शून्याशी आहे.

गिधाडांचंच बघा. भारतात १९९०च्या दशकात ती भराभर मरू लागली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशमक तेव्हा स्वस्त होऊन सर्रास वापरात आलं होतं. औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे कारण शास्त्रज्ञांनी २००४मध्ये मांडलं आणि २००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर तीन जातींची जवळजवळ सगळी गिधाडं संपली होती. मेलेली जनावरं उघड्यावर कुजत राहिली, त्यांची घाण पाण्यात गेली, भटकी कुत्री वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असायची असे जिल्हे आणि जिथे ती मुळातच कमी होती असे जिल्हे, यांतल्या मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जादा मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचा पैशातला हिशेब वर्षाला सुमारे ६९ अब्ज डॉलर.

मेलेल्या माणसांपुढे डॉलर लिहिणं मलाही जड जातं. आणि हा आकडा म्हणजे काही गिधाडाची किंमत नव्हे. गिधाडं जे काम मुकाट्याने करत होती ते थांबल्यावर माणसांना काय सोसावं लागलं, त्याचा तो अंदाज आहे. पण स्वस्त औषधामुळे झालेला फायदा कुठेतरी मोजला जात होता आणि हे नुकसान कुठेच नव्हतं, ही गोष्ट या आकड्याशिवाय इतक्या लख्खपणे पुढे आली नसती.

आकड्याचा सगळ्यात चांगला उपयोग होतो तो दोन पर्याय शेजारी ठेवताना. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं. नियम कडक झाले, तेव्हा ते गाळण्यासाठी प्रचंड प्रकल्प बांधायची वेळ आली. खर्चाचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलरचा. त्याऐवजी १९९७मध्ये शहराने वरच्या गावांशी करार केला: पाणलोटातल्या जमिनी विकत घ्यायच्या, सांडपाण्याच्या टाक्या दुरुस्त करून द्यायच्या, शेतातलं शेण आणि खत ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे द्यायचे. हे काम त्या अंदाजाच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत होणार होतं. इथे वनश्रीचा भाव कुणीही काढला नाही. काढायची गरजच पडली नाही.

त्याच वर्षी रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीवरच्या निसर्गाच्या सेवांचं वार्षिक मूल्य सरासरी ३३ लाख कोटी डॉलर असल्याचं मांडलं. तेव्हा जगाचं एकूण उत्पन्न होतं सुमारे १८ लाख कोटी. लोकांना जागं करायला हा आकडा ठीक होता. पण अख्खी पृथ्वी कुणी विकायला काढलेली नाही. धोरण ठरवणाऱ्यासमोर प्रश्न असतो तो या ओढ्याचा, या टेकडीचा, पुढच्या दहा हेक्टरांचा, आणि तिथे हा आकडा काही सांगत नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. पुढे मिळणारा फायदा आजच्या पैशांत आणण्यासाठी आम्ही एक वटाव दर धरतो. शंभर वर्षांनी मिळणारे १०० रुपये पाच टक्के दराने आज जेमतेम ७६ पैसे होतात. एक टक्का धरला तर ३७ रुपये. जंगल तेच, माहिती तीच, आणि दर बदलताच निकाल उलटा. अजून जन्मायच्या माणसांना आपण किती मोजतो, हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो तक्त्याच्या तळटीपेत एका टक्केवारीआड लपून बसतो. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी तो दर शोधते. तो दर का धरला हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या आकड्यांवर मी विसंबत नाही.

आणि काही ठिकाणी आकडा आणूच नये. जे गेलं तर परत येणार नाही, तिथे आधी हद्द आखायची. हिशेब करायचा तो हद्दीच्या अलीकडे. नाहीतर किंमत लावली की ती भरून नासधूस करायची मुभा मिळाली, असंच समजलं जातं. इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाखाली तेल आहे. २००७मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला: तेलाच्या अपेक्षित उत्पन्नापैकी निम्मे, ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावेत, आम्ही तेल काढणार नाही. मला तो तेव्हा फार आवडला होता. पण नीट पाहिलं तर ती रक्कम तेलाची होती, तिच्यात जंगल मोजलेलंच नव्हतं. पैसे फारच थोडे जमले, २०१३मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला आणि काही वर्षांत उपसा सुरू झाला. ऑगस्ट २०२३मध्ये तिथल्या मतदारांपुढे हा विषय पुन्हा आला. या वेळी मतपत्रिकेवर रक्कम नव्हती. हे तेल कायमचं जमिनीतच राहू द्यावं, हे तुम्हाला मान्य आहे का, एवढंच विचारलं होतं. सुमारे ५९ टक्के लोकांनी हो म्हटलं.