'पाकोळी'च्या नाकातलं शिसं

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा पाकोळीचे, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मॉडेल ग्लायडरचे, पंख थर्माकोलच्या ठोकळ्यात होते. आज तिच्या पोटावर गवताचे ओरखडे आहेत, डाव्या टोकाला फेविक्विकचा डाग आहे आणि तोल साधायला नाकात घातलेलं शिसं ८० ग्रॅमवरून ४५ वर आलंय. मधल्या चार महिन्यांचा हिशेब मुख्यतः त्या ३५ ग्रॅमचाच आहे.

नवीन मंडळींसाठी आकडे आधी. पंखविस्तार १.५ मीटर, मुळाशी जीवा (पंखाची पुढून मागे रुंदी) २०० मिमी, टोकाशी १४०. छेद (पंख आडवा कापला तर दिसणारा आकार) आरजी-१५, म्हणजे जाडी जीवेच्या ८.९ टक्के, मुळाशी पावणेअठरा मिमी भरते. व्ही-टेल (V आकाराची शेपटी), पंखात दोन एलरॉन सर्वो (एलरॉन म्हणजे विमान कलतं करणाऱ्या पंखामागच्या पट्ट्या, सर्वो म्हणजे त्या हलवणारं छोटं यंत्र), शेपटीसाठी दोन. मोटर नाही. टेकडीवर आदळून वर चढणारा वारा हेच इंजिन.

थर्माकोलमधून पंख कापायला, तापवायच्या निक्रोमच्या तारेची धनुकली केली. इलेक्ट्रिक शेगडीची कॉइल ओढून सरळ केली, इतकंच. ही विद्या आमच्या घरी गणपतीच्या मखरांमुळे आली. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि धनुकली माळ्यावर गेली, ती आता खाली उतरली. पंखाच्या मुळाचा आणि टोकाचा आकार सनमायकाच्या दोन पट्ट्यांतून कापला (सुताराकडे रद्दी तुकडे फुकट मिळतात, फक्त कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर तार अडकते आणि तिथे खड्डा पडतो). दोन्ही पट्ट्यांवर ० ते १० खुणा केल्या. पंख टोकाकडे निमुळता असल्यामुळे टोकाकडच्या माणसाने सावकाश चालायचं आणि दोघांनी एकाच वेळी एकाच आकड्यावर पोचायचं. लेक दुसऱ्या टोकाला होती. "बाबा, तू आठवर गेलास! मी अजून सहावरच आहे." पहिला पंख त्यात गेला. दुसऱ्या वेळी आकडे तिने म्हणायचे आणि मी गप्प बसायचं असं ठरलं, मग जमलं.

थर्माकोलच्या गाभ्याच्या वर-खाली ६ बाय १ मिमीच्या कार्बन पट्ट्या, आणि त्यावर कातडं म्हणून शाळेच्या पुस्तकांना घालतात तो खाकी कागद, पाणी घातलेल्या फेविकॉलने चिकटवलेला. स्वस्त आहे, कडक होतो, आणि फाटला तर ठिगळ लावता येतं. पण वाळताना आकसतो, आणि तिथेच मी चूक केली. डाव्या पंखाच्या वरच्या बाजूला रात्री कागद लावला, फेविकॉल संपलं, खालची बाजू दुसऱ्या दिवशी केली. दोन्ही बाजू एकाच बैठकीत व्हायला हव्यात, नाहीतर आधी वाळलेली बाजू पंखाला ओढते. मोबाइलचं लेव्हल ॲप मुळाशी आणि टोकाशी ठेवून पाहिलं तर पंखाला दीड अंशाचा पीळ.

दीड अंश म्हणजे काय मोठंसं, एलरॉनच्या ट्रिमने (रिमोटवरून लावून ठेवायच्या बारीक दुरुस्तीने) जाईल, असं मला एकाने सांगितलं. सरळ उडण्यापुरतं जातंही. पण वेग कमी झाला की ज्या पंखाचा कोन जास्त तो आधी स्टॉल होतो (उचल गमावतो), आणि आपण वेग कमी करतो ते नेमकं उतरताना, जमिनीपासून हातभर अंतरावर. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी फवाऱ्याने ओलसर केला, पंख त्याच्या मूळ थर्माकोलच्या साच्यात उलटा पीळ देऊन ठेवला आणि वर जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला. तीन दिवस हात लावला नाही. आता पाव-अर्ध्या अंशाचा फरक उरलाय, तो मी मान्य केलाय. ॲपच्या दशांशावर फार विश्वास ठेवू नका. दोन्ही पंख एकाच सपाट काचेवर ठेवून फक्त फरक बघा.

उजवा पंख १३२ ग्रॅम भरला, डावा १४१. सगळं जोडून नाक आणि शेपूट दोन बोटांवर धरलं की डावीकडे कलंडायचं. उजव्या टोकात चार ग्रॅमचा खिळा दाबला. टोक लांब असतं, म्हणून तिथे चार पुरतात.

आता शिसं. रिसीव्हरची बॅटरी मी मुद्दाम जड घेतली, चार एए सेलची निकेल मेटल हायड्राइड, आणि अगदी नाकात ठेवली. वजन लागणारच असेल तर ते निदान कामाचं असावं. तरी कमी पडलं, कारण शेपटीत मी इपॉक्सी सढळ हाताने ओतली होती. तिथला एक ग्रॅम नाकात तीन मागतो. पंक्चरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला चिकटवायची वजनं मिळतात, पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांची पट्टी. शिशाचीच आहेत ना ते विचारून घ्या, हल्ली लोखंडाचीही येतात. माझ्या हिशेबाने सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मुळाच्या पुढच्या कडेपासून ६३ मिमीवर हवा होता. मी ५८ वर आणला. कारण एकच, भीती. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की शिसं टाकताना हात थांबत नाही. एकूण वजन ८०० ग्रॅम झालं.

पहिलं उड्डाण कामशेतजवळच्या टेकडीवर. लोणावळा लोकलमध्ये पंख साडीच्या कव्हरमधून नेले, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. जागा ठरवताना डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा, हिरवा पट्टा असेल तरच जा. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदाची विमानं 'मॉडेल' या प्रकारात येतात, पण उडवायचं नजरेच्या टप्प्यातच. शिवाय त्या भागात पॅराग्लायडिंगवाले असतात. आकाशात माणूस दिसला की आपण खाली, यावर चर्चा नाही.

वारा ताशी १८ किमी, पश्चिमेचा. वाऱ्यात सरळ, किंचित खाली नाक धरून फेकलं. उडलं! पण कसं, तर दगडाला पंख लावल्यासारखं. सरळ राहायला एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या भागाला) चांगला वर ट्रिम द्यावा लागला, वळणात नाक पडायचं, आणि जरा वेग आला की आपोआप वर उसळायचं. उंची टिकेना. दोनदा फेकलं, दोनदा उतारावर शंभर फूट खाली जाऊन आणलं.

तिसऱ्यांदा वर येतो तर एक म्हातारे गुराखी खडकावर बसलेले.

"याला इंजान न्हाई व्हय?"

"नाही मामा, वाऱ्यावर उडतं."

"घारीवानी?"

"हो, तसंच."

"मग घार फिरतीय तितं सोडा की. हितं काय हाय?"

मी ज्या सोंडेवर उभा होतो तिथे वारा दोन्ही बाजूंनी निसटून जात होता. दोनशे पावलांवर टेकडीला खोलगट घळ होती, वारा त्यात कोंडून वर येत होता आणि त्यावर दोन घारी पंख न हलवता लटकल्या होत्या. तिथून सोडलं आणि तेच जड नाकाचं विमान बारा मिनिटं वर राहिलं. पुस्तकात वाचलेलं असतं हो सगळं.

उंची मिळाल्यावर डाइव्ह टेस्ट केली. सरळ उडतंय ना बघायचं, मग साधारण ४५ अंशांत नाक खाली घालायचं आणि रिमोटच्या काडीवरून बोट काढायचं. पाकोळी क्षणात कमानीसारखी वर आली, म्हणजे नाक फारच जड. १५ ग्रॅम काढले, सीजी पाच मिमी मागे गेला, वरचा ट्रिमही निम्मा झाला. एकदम काढू नका, पाच-दहा ग्रॅमनी जा, आणि दर वेळी ट्रिम नव्याने लावून मगच डाइव्ह.

दुसरी खेप उतरण्यात बिघडली. मी कड्याच्या मागे, सपाटीवर उतरवायला गेलो. वारा कडा ओलांडला की मागे गिरक्या घेत खाली पडतो, त्या रोटरमध्ये पाकोळी पालथी होऊन करवंदाच्या जाळीत. (याच कड्यामागच्या वाऱ्यातून वेग काढत डायनॅमिक सोअरिंगवाल्या स्पेन्सर लिझनबी यांनी २०२१ मध्ये ताशी ५४८ मैल, म्हणजे ८८२ किमी गाठले. माझा वेग मोजण्याजोगा नव्हता.) शेपटीच्या एका सर्वोच्या प्लॅस्टिक गिअरचे तीन दात गेले. आता चारही सर्वो धातूच्या गिअरचे. उतरण्यासाठी दोन्ही एलरॉन एकदम वर उचलण्याचा स्विच लावला. तो दाबला की नाक वर जायचं, म्हणून सोबत २ मिमी डाउन एलिव्हेटर मिसळला. आणि उतरायचं ते कड्याच्या जरा खाली, चढाच्या दिशेने.

सर्वो बदलताना एक लाजिरवाणी गोष्ट कळली. व्ही-टेलचं एलिव्हेटर बरोबर होतं, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं) उलटं. पहिल्या दिवसापासून. मी रडर वापरतच नसल्यामुळे पत्ता लागला नाही. एलरॉनबरोबर थोडं रडर मिसळलं तेव्हा वळण सुधारण्याऐवजी आणखी बिघडलं, तेव्हा कुठे विमान मागून धरून बघितलं. उजवी काडी, दोन्ही पृष्ठभाग उजवीकडे. एवढं फेकण्याआधी बघायचं होतं.

सध्याची मापं: एलरॉन वर १२, खाली ६ मिमी, एलिव्हेटर दोन्हीकडे ६, एक्स्पो (काडी मधोमध असताना प्रतिसाद सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के. खाली कमी ठेवण्याचं कारण, खाली गेलेला एलरॉन जास्त ड्रॅग (हवेचा अडथळा) करून नाक वळणाच्या उलट ओढतो.

गेल्या रविवारी वारा २४ होता. ५५ ग्रॅमवर चांगली उडत होती, ४५ वर सुरेख. सीजी ६९ मिमी. डाइव्हमधून आता ती लांबलचक, आळसावलेली कमान घेऊन वर येते. लोभाने आणखी ५ काढले. पुढच्या डाइव्हमध्ये बोट काढलं तर नाक वर यायचं नावच घेईना, उलट खाली दुमडायला लागलं, आणि एलिव्हेटर नुसत्या श्वासानेही हलेल इतकं तिखट झालं. खाली आणली, खिशातला तुकडा परत चिकटवला. ७६५ ग्रॅम, पंखाच्या चौरस डेसिमीटरला ३० ग्रॅम.

मे महिन्यात दुपारचा वारा याहून वाढेल, तेव्हा ती हलकी पडेल. म्हणून सीजीच्या बरोबर खाली नळी बसवतोय, २०० ग्रॅम बॅलास्टसाठी (जोराच्या वाऱ्यात घालायच्या जादा वजनासाठी). काढलेले सात तुकडे त्यातच जाणार आहेत.