हेक्टर पळतो तेव्हा

टीवायला 'इलियड', म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य, शिकवायला घेतलं की पहिल्या तासापासून एकच चौकशी सुरू होते: "मॅडम, घोडा कधी येणार?" घोडा म्हणजे तो लाकडी, ज्याच्या पोटात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले. पंधरा हजारांवर ओळी, 24 सर्ग, सगळं वाचून होत नाही. इंग्रजी भाषांतराच्या झेरॉक्सवर आमचं चालतं. सहावा, बाविसावा आणि चोविसावा मी नीट घेते, बाकीची गोष्ट सांगते.

त्या दिवशी बाविसावा होता. ट्रॉयची सगळी फौज तटाच्या आत, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर एकटा वेशीबाहेर. आई-बाप वरून विनवतायत, आत ये. पण सैन्य वेळेत मागे घेतलं नाही, माणसं हकनाक मेली, आता लोकांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याच्या मनात. मग ग्रीकांचा वीर अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर चक्क पळत सुटतो.

"पळाला? हा कसला हिरो!" मागच्या बाकावरून आलं. वर्ग हसला, मीही हसले. फळ्यावर 'क्लेऑस' हा ग्रीक शब्द लिहिला: कीर्ती, म्हणजे मुळात कानांवर येणारी. ऋग्वेदातला 'श्रवस्' याच मुळाचा. पोरांनी उतरवून घेतलं. परीक्षेपुरतं काम झालं.

होमर मात्र ते पळणं आटोपतं घेत नाही. तटाभोवती तीन फेऱ्या. वाटेत दोन झरे, एक ऊन, एक गार. काठाला दगडी हौद. लढाई नव्हती तेव्हा ट्रॉयच्या बायका तिथं धुणं धुवायच्या. एवढं वाचतेय तोवर दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ते हेल्मेट काढून ठेवणारा हाच ना?"

हाच. सहाव्या सर्गात तो बाळाला घ्यायला हात पुढे करतो आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून पोर रडत दाईला बिलगतं. आई-बाप हसतात. शिरस्त्राण जमिनीवर ठेवून मग तो त्याचा मुका घेतो.

"पप्पा सुट्टीवर यायचे ना, दोन-दोन दिवस मी जवळ जायची नाही म्हणे. युनिफॉर्म बघून." एवढंच बोलली ती.

मागं कुणी हसलं नाही. पण तो पठ्ठ्या ठाम. "तरी पळाला तो पळालाच ना, मॅडम?"

खरं होतं त्याचं. हेक्टर थांबतो तोही फसवला गेल्यामुळे. ग्रीकांच्या बाजूची देवी अथेना त्याच्या भावाचं रूप घेऊन येते, आपण दोघं लढू म्हणते. पहिला भाला फुकट जातो, दुसरा मागायला तो हाक मारतो, तर भाऊ जवळपासही नाही. काय ते त्याला तिथं कळतं. आणि तरीही तलवार उपसून तो अकिलीसच्या अंगावर जातो. हे मी दोनदा वाचलं.

बेल झाली. दारात पठ्ठ्यानं गाठलंच. "चोविसाव्यात तरी घोडा?"

"नाही रे. हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. शेवटच्या ओळीत त्याला 'घोडे माणसाळवणारा' म्हटलंय, तेवढाच घोडा."

त्यानं तिथंच उभ्या उभ्या झेरॉक्सचं शेवटचं पान काढलं.